पाचवं वाक्य

मी घर सोडलं ते मागच्या दाराने. पुढच्या अंगणात माझी मंदा खेळत होती, म्हणून. तीन वर्षांची होती. वडिलांनी माझी पत्र्याची ट्रंक आदल्या संध्याकाळीच थांब्याजवळच्या वाण्याकडे नेऊन ठेवली होती, कारण ट्रंक हलताना दिसली की पोरीला कळेल. आई मला हळूच म्हणाली, "तिची पाठ फिरली की निघ. तोंडावर गेलीस तर रडून जीव काढंल, नि तुझाबी पाय निघायचा न्हाई." मग ती मंदाकडे गेली, चल तुला पिल्लं दाखवते म्हणाली. आमच्याकडे दुपारची कोंबडीची पिल्लं मोठ्या टोपल्याखाली झाकून ठेवत, घारीच्या भीतीने. मंदा टोपल्यापाशी उकिडवी बसली, आईने टोपलं बोटभर उचललं, मंदाने मान वाकवली, नि मी बाहेर. चपला हातात घेतल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

थांब्यावर गेले तर गाडी नाही. तासभर नाही. नगर रस्त्यावर तेव्हा दोन्ही अंगांना वडाची झाडं, नि वाहन कधीतरी एखादं. वडील ट्रंकेवर बसले होते, मी झाडाच्या आड उभी, गावातून कुणी मंदाला कडेवर घेऊन आलंच तर दिसू नये म्हणून. घर हाकेच्या अंतरावर. मनात सारखं येत होतं, तासभर आहे तर परत जावं, तिला जवळ घ्यावं, सांगावं. वडिलांना म्हणालेसुद्धा. ते म्हणाले, "आता गेलीस तर पुन्हा निघायचं हाय का?" मी झाडाआडच उभी राहिले. घरातून मात्र कशी पळत आले होते. आता स्वतःलाच विचारते, म्हातारे, काय घाई होती तुला?

वाघोलीत राहिलेल्या माझ्या भावाच्या पोरांनो, नि गाव सोडून लांब गेलेल्या माझ्या नातवंडांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. मी फार शिकलेली नाही. म्हणजे शिकले, पण वयाने वाढल्यावर, त्यामुळे माझं लिहिणं बोलण्यासारखंच होतं. गोड मानून घ्या.

मी का गेले ते तुमच्यातल्या धाकट्यांना ठाऊक नसेल. मंदाचे वडील तापाने गेले. आठ दिवसांचा ताप. मी बाविशीची, चौथी पास, पदरात पोर. सासरी कुणी ठेवून घ्यायला नव्हतं, म्हणून माहेरी आले. माझ्या वडिलांना सही करता येत होती, तेवढीच, पण डोकं साफ होतं. ते म्हणाले, भावाची बायको आली की तू या घरात पाहुणी होशील, तिच्या आधी काहीतरी शीक. कर्वेनगरच्या बाजूला मोठ्या बायकांना मॅट्रिकपर्यंत शिकवायची सोय होती, राहायला वसतिगृह होतं, तीन वर्षांत नोकरीला लागता येत होतं. फक्त मुलं चालत नव्हती. आज वाघोलीहून कर्वेनगरला तुम्ही स्कूटरवर जाऊन सिनेमा बघून येता. तेव्हा मला ते परमुलखासारखं होतं. आईला तर मी बोटीत बसून निघाल्यासारखं वाटत होतं.

महिन्यातून एकदा घरी यायला मिळायचं. शनिवारी संध्याकाळी यायचं, रविवारी दुपारी निघायचं. नि दर रविवारी तेच. कधी टोपलं, कधी विहिरीवर न्यायचं, कधी शेजारच्या म्हशीला रेडकू झालंय ते दाखवायला. आई त्यात इतकी तयार झाली होती की मला नुसती मानेने खूण करायची. मला ते शहाणपणाचं वाटायचं. सगळेच असं करायचे. आजही करतात, बालवाडीत पोर सोडताना आया पोराला खेळण्यात गुंतवून कशा सटकतात ते मी बालवाडीची बाई म्हणून पंचवीस वर्षं बघितलं. मीच त्यांना शिकवलं. "पोर गुंतलंय तोवर निघा हो," असं मीच म्हणायचे.

पण मंदा काही वेडी नव्हती. दोन-तीन महिन्यांत तिच्या ध्यानात आलं की पाठ फिरवली की ताई जाते. हो, ती मला ताई म्हणते. माझा भाऊ ताई म्हणायचा, ते ऐकून ती ताई म्हणायला लागली, आई म्हणायची ती माझ्या आईला. अजून ताईच म्हणते. मी आले की ती माझ्याकडे तोंड करूनच बसायची. जेवताना, खेळताना. पिल्लं दाखवते म्हटलं तर म्हणायची, इथूनच दिसतात. रात्री माझ्या पदराचं टोक तिच्या परकराच्या नाडीला बांधून झोपायची. एकदा रविवारी दुपारी ती अशीच बांधून घेऊन झोपली नि गाडीची वेळ झाली, गाठ काही सुटेना. चार-पाच वर्षांच्या पोरीने मारलेली गाठ, पण दाताने सुटेना. शेवटी आईने कात्री आणली नि माझा पदर कापला. नाडी कापली असती तर ती जागी झाली असती, म्हणून पदर. मी फाटक्या पदराने वसतिगृहात आले. मुली हसल्या, मीही हसले.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला इंग्रजीला लेलेबाई आल्या. नारायण पेठेतून सायकलवर यायच्या, नऊवारीत, नि वेळेच्या इतक्या पक्क्या की त्यांच्यावरून घड्याळ लावावं. बोलणं तिखट. एकदा मी उशिरा वर्गात आले तर म्हणाल्या, "या, आपलीच वाट पाहत होतो. इंग्रजही जाण्याआधी आपल्यासाठी थांबले असते, पण त्यांना घाई होती." अशा. पण शिकवायच्या जीव लावून. त्यांनी आम्हाला वाक्प्रचार शिकवायला घेतले. पहिलाच होता, इन द ट्विंकलिंग ऑफ ॲन आय. आम्हा बारा बायकांना ते उच्चारायलाच अर्धा तास गेला. बाई म्हणाल्या, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, असा अर्थ, नि इंग्रज जेव्हा भरभर झालेलं काही सांगतो तेव्हा असं म्हणतो. घरी पाच वाक्यं करून आणा.

मी चारच केली. ती वही अजून आहे, म्हणून मला तोंडपाठ आहेत. पहिलं, द मिल्क बॉइल्ड ओव्हर इन द ट्विंकलिंग ऑफ ॲन आय. ते खरंच झालं होतं, त्याच सकाळी, स्वयंपाकाची पाळी माझी होती. दुसऱ्यात मांजराने मासा खाल्ला. त्यापुढे बाईंनी लाल शाईने लिहिलंय, वसतिगृहात मासा? तिसऱ्यात घारीने पिल्लू उचललं. आणि चौथं, माय डॉटर ग्रू अप इन द ट्विंकलिंग ऑफ ॲन आय. माझी मुलगी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मोठी झाली. त्यापुढे बाईंनी लिहिलं, गुड. त्या वहीतलं ते एकुलतं एक गुड. मला इतका आनंद झाला होता की पुढच्या खेपेला मी वही वडिलांना दाखवली, त्यांनी ती उलटी धरून बराच वेळ कौतुकाने बघितली.

पाचव्यापुढे नुसतं आय लेफ्ट एवढंच लिहिलंय. आय लेफ्ट माय होम असं लिहायचं मनात होतं, पुढे ते ट्विंकलिंग जोडायचं होतं. व्याकरणात अगदी बसत होतं. पण हात थांबला. का थांबला ते तेव्हा मला नीट उमगलं नाही. बाईंनी खाली विचारलंय, पाचवं अपुरं का? मी सांगितलं, बाई, घंटा झाली. खोटंच होतं ते, घरी करून आणायच्या वाक्यांना कुठली घंटा. बाई माझ्याकडे बघत राहिल्या नि पहिल्यांदाच काही टोचून बोलल्या नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मॅट्रिक झाले, बालवाडीचं ट्रेनिंग केलं, नारायण पेठेत दोन खोल्या घेतल्या नि मंदाला घेऊन आले. सात वर्षांची झाली होती. पहिले सहा महिने ती मला एकटीला नळावरसुद्धा जाऊ देत नव्हती. मग एक दिवस ते अगदी थांबलं. मला वाटलं, रुळली. शहाणी झाली.

ती रुळली नव्हती. तिने फक्त ठरवलं होतं की आता आपण आधी जायचं. शाळेला निघताना सांगायची नाही. मी मागे वळून बघावं तर दप्तर नाही, पोर नाही. कॉलेजात तसंच, बँकेत लागली तेव्हा तसंच. लग्नात पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडतायत, नि ही पुढे जाऊन गाडीत बसलेली, मागे न बघता. लोक म्हणाले, काय धीराची मुलगी. तुम्ही पोरं हसता ना, की मंदाआत्या कधी उठून गेली ते रिकामा कप बघितल्यावर कळतं? मीही हसत आले.

एकदा माझ्या आईनेच मला सांगितलं होतं, ती थकली होती तेव्हा, गंमत म्हणून सांगितलं. मी पहिल्यांदा गेले ना, त्या दिवशी मंदाने पिल्लं बघून मान वर केली, मी नाही. मग तिने ते टोपलं अख्खं उचललं नि खाली बघितलं. पिल्लं पळाली चहूकडे. मग घरातली सगळी टोपली उचलून बघितली, सूप उचललं, कणगीत डोकावली. "आठ दिस टोपली उचलीत हुती येडी," आई म्हणाली, नि हसली, नि मग हसायची थांबली. मी तेव्हा चाळिशीला आले होते. मी उठून चहा टाकायला गेले.

मंदाचे यजमान गेले, तिचा मुलगा निखिल जर्मनीला गेला, नि मला एकटीला जिना चढवेना, तेव्हा मंदाने मला तिच्या फ्लॅटवर आणलं. फ्लॅट कुठे, तर वाघोलीत. अकराव्या मजल्यावर. आमच्या बाजरीच्या रानापासून चार टॉवर सोडून. साठ वर्षांपूर्वी जे सोडून मी पुण्याला गेले, ते पुणंच माझ्या मागून इथे येऊन बसलंय. गाव महापालिकेत गेलं. वडाची झाडं गेली. गॅलरीतून मी भावाला बोट दाखवते, अरे विहीर तिथे होती ना, तो म्हणतो, ताई, तिथं आता जिम हाय.

गेल्या उन्हाळ्यात मंदा माळा आवरत होती. स्टुलावर उभी. माझी ट्रंक उघडली नि वही हाताला लागली. तिने चाळली, मांजर नि मासा वाचून हसली. मग हसू गेलं. तिने चौथं वाक्य मोठ्याने वाचलं.

"कोण मोठी झाली?" तिने विचारलं.

मी म्हणाले, तू.

"मी तिथंच होते, ताई," ती म्हणाली. "किती वेळ लागला ते मला माहीत आहे."

आवाज चढवला नाही तिने. वही स्टुलावर ठेवली, हात धुतले, नि काही न सांगता खाली भाजीला निघून गेली. मी ती वही घेऊन बसले. साठ वर्षं मी ते वाक्य अभिमानाने जपलं होतं. पहिल्यांदाच मला दिसलं की ते लिहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. कुठली मोठी झाली होती हो? व्याकरण बरोबर होतं, एवढंच.

त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. जेवायला काय करू, गोळी घेतलीस का, एवढंच. बोलायला सुरुवात मी करायला हवी होती, पण माझी जीभ रेटेना. आणि मग निखिलला मुलगी झाली. तो आईला बोलवायला लागला. सहा महिने ये, मग बघू. त्या "मग बघू"ला मी चांगली ओळखते. माझं वय चौऱ्याऐंशी. मी दत्ताकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे, राहायचं ठरलं, शेजारच्याच बिल्डिंगमध्ये. ठरलं म्हणजे त्यांचं ठरलं. मला तारीख कुणी सांगत नव्हतं.

तारीख नाही, पण बेत मी आतल्या खोलीतून ऐकला. मंदा भाजी चिरत होती, फोन ओट्यावर, स्पीकर चालू. निखिल म्हणाला, "आजीला आधी सांगू नकोस ना, मम्मा. उगाच पॅनिक होईल, बीपी वाढेल. ती दुपारी झोपते तेव्हा कॅब बोलव. दत्तामामा नंतर सांगेल तिला. क्विक अँड पेनलेस." दत्ता तिथेच बसला होता, तोही म्हणाला, हो, आत्याला नंतर सांगू. मंदाची सुरी थांबली, मग परत चालू झाली.

निखिल, बाळा, तुझ्यावर माझा राग नाही. तू तेच म्हणालास जे माझी आई म्हणाली होती. तुला माहीतही नव्हतं नि ते शब्द तुझ्या तोंडात आले. काळजीनेच आले. तिच्याही तोंडात काळजीनेच आले होते.

तो दिवस आला. मला कसं कळलं? मंदाने पुरणपोळी केली, काही सण नसताना. जेवून मी आडवी झाले नि डोळे मिटले. झोप कसली. मी मनाशी पक्कं केलं होतं की डोळे उघडायचे नाहीत. तिला सोपं जाऊ दे. मी तिच्याशी जे दर महिन्याला केलं ते तिने माझ्याशी एकदा केलं तर मला बोलायला तोंड नाही. पण खरं सांगते, कान मात्र बाहेर लागले होते. बॅगेच्या चाकांचा आवाज आला. बेडरूममधून हॉल. हॉलमधून दाराकडे. कडी निघाली. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

मग चाकं परत आली. माझ्या खाटेशी थांबली.

"ताई, डोळे उघड. मी निघतेय."

"मी झोपलेय," मी म्हणाले.

"झोपलेली माणसं उत्तर देत नाहीत." ती खाटेवर बसली. "उघड. मला असं जायचं नाही."

मी उघडले. पासष्ट वर्षांची बाई ती, चष्म्याच्या आड डोळे सुजलेले. मला खूप बोलायचं होतं. मी एवढंच म्हणाले, मंदा, त्या दिवशी गाडी तासभर उशिरा आली होती. मी वडाच्या मागे उभी होते. मला परत येता आलं असतं.

ती म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं." बरं वाटलं की वाईट वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. अजूनही कळलेलं नाही. मग तिने माझ्या मुठीतून पदर सोडवून घेतला, अगदी सावकाश, एकेक बोट उघडून, नि माझा हात धरून मला उठवलं.

लिफ्टपर्यंत गेले. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. मग मी काठी टेकत गॅलरीत आले. कॅब गेटबाहेर पडली नि नगर रस्त्यावर जी अडकली ती अडकली. रोजचंच आहे आमच्याकडे. डंपर, बस, मिक्सर, कुणी हलेना. अकराव्या मजल्यावरून मला गाडीचा पांढरा टप दिसत होता. बाकीचे सगळे त्या रस्त्याला शिव्या देतात, मी पण देते. त्या दिवशी नाही दिल्या. दहा मिनिटांनी काच खाली झाली, हात बाहेर आला. मी हात केला. तिला दिसला असेल की नाही देव जाणे, पण तो हात आत गेला नाही. गाडी वीतभर पुढे सरकायची, थांबायची, हात तसाच. मला न्यायला आलेला दत्ता दोनदा म्हणाला, आत्या, बस, पाय दुखतील. दुखू देत, म्हटलं. अर्धा-पाऊण तास चाललं ते. मग सिग्नलपुढे बसच्या आड गेली.

आता मी दत्ताकडे आहे. सगळे चांगलं बघतात. मंदाचा फोन येतो, परतीचं तिकीट आहे म्हणते. मी विचारत नाही कधीचं. विचारायची भीती वाटते. पण फोन ठेवताना ती आता म्हणते, "ताई, ठेवते हं," नि मी बरं म्हणेपर्यंत थांबते. पूर्वी नुसता कट व्हायचा. लोक मला विचारतात, आजी, तुमचं घर कुठलं, वाघोली की नारायण पेठ? मला दोन्ही खरी वाटत नाहीत. सांगायला वाघोली सांगते. पण मनात येतं ते त्या फोनमधलं, ठेवते हं म्हटल्यावर नि मी बरं म्हणण्याआधीचं, ते जरासं थांबणं. मी तेवढ्यात राहते.

परवा ती वही काढली. पेन्सिल होती, दत्ताच्या नातीची. आय लेफ्टच्या पुढे खूप वेळ बसले. मग लिहिलं, माय डॉटर लुकिंग अंडर द बास्केट. ते ट्विंकलिंग काही त्यात बसवता आलं नाही. लेलेबाईंनी लाल शाईने फुली मारली असती. बरोबरच आहे त्यांचं. पण वाक्य पुरं झालं.